ग्राफिक्स कार्डाला वीज किती हवी?

कोल्हापुरांत पहिलवानाच्या खुराकाविषयीं कोणास व्याख्यान देण्याचें कारण नाहीं. मुलाला तालमींत घालावयाचें तर दूध, तूप, बदाम यांची तरतूद अगोदर करावी आणि मगच त्याच्याकडून जोर-बैठकांची अपेक्षा धरावी, हें येथें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्याच घरांत मुलाच्या हट्टासाठीं किंवा, न्यायानें बोलावयाचें तर, कित्येकदां वडिलांच्याच हौसेसाठीं खेळांचा संगणक आणावयाचें ठरलें म्हणजे हा व्यवहारी नियम उलटा होतो. पहिलवान मोठा निवडतात आणि खुराकाचा विचार शेवटीं उरलेल्या पैशांत उरकतात. ग्राफिक्स कार्ड तीस-चाळीस हजारांचें आणि त्याला वीज पुरविणारा डबा हजार-बाराशेंचा, अशी विजोड जोडी अनेक संगणकांत आढळते. पुढें वर्ष-सहा महिन्यांनीं खेळ ऐन रंगांत आला असतां पडदा काळा होतो, संगणक आपण होऊन बंद पडतो व पुन्हां सुरू होतो, आणि दोष कधीं कार्डाला, कधीं विंडोजला, तर कधीं मुलाच्या 'सारखें खेळण्याला' लावला जातो. क्वचित् प्रसंगीं तो डबा एकटा जळत नाहीं. जातांना कार्डालाही बरोबर नेतो. हजाराच्या वस्तूपायीं चाळीस हजारांची वस्तु गमावणें मध्यम स्थितीच्या कुटुंबाला परवडणारें नाहीं, म्हणून आज या डब्याच्या निवडीविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्याला इंग्रजींत पॉवर सप्लाय म्हणतात. आपल्या बाजारांत मात्र एसएमपीएस हेंच नांव रूढ आहे, आणि मीही तेंच वापरणार आहें.

आधीं हा डबा करतो काय तें पाहूं. भिंतीवरच्या बोर्डांतून आपल्याला मिळते ती २३० व्होल्टची, सेकंदास ५० हेलकावे घेणारी वीज. संगणकाच्या पोटांतील नाजूक भागांना ती मुळींच सोसत नाहीं. त्यांना एकाच दिशेनें वाहणारी, शांत आणि थोड्या दाबाची वीज लागते: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत दाब बदलण्याचें हें काम लोखंडी गाभ्याचा एक जड ट्रान्स्फॉर्मर करीत असे. ज्यांनीं तसला रेडिओ एका कपाटावरून दुसऱ्यावर हलविला असेल, त्यांना त्याच्या वजनाची कल्पना असेलच. एसएमपीएसची युक्ति निराळी आहे. तो घरची वीज प्रथम सरळ करून घेतो, मग ती सेकंदाला हजारों वेळां तोडतो व जोडतो. हेलकावे जितके जलद, तितका लहान ट्रान्स्फॉर्मर पुरतो; म्हणून पावशेर-अर्धा शेर वजनाच्या सामग्रींत तें सारें काम होतें, आणि शेवटीं वीज पुन्हां सरळ करून व गाळून बाहेर सोडली जाते. १९७७ सालच्या ॲपल-टू या घरगुती संगणकांत रॉड होल्ट यांनीं ही रचना बसविली. आज तुमच्या फोनच्या चार्जरांतही तेंच तत्त्व आहे.

१९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला प्रसिद्ध पर्सनल कॉम्प्यूटर विक्रीस आणला, तेव्हां त्यांत ६३.५ वॅटचा एसएमपीएस होता. साऱ्या संगणकाला मिळून साडेत्रेसष्ट वॅट, म्हणजे एका जुन्या दिव्याएवढी वीज! आज एकट्या ग्राफिक्स कार्डाची भूक त्याच्या दुपटीपासून नऊपटीपर्यंत गेली आहे. याचें कारण त्याच्या कामांत आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लक्ष त्र्याहत्तर हजार सहाशें ठिपके असतात. खेळांतील चित्र सेकंदाला साठ वेळां नवें काढावयाचें, तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग, उजेड आणि सावली ठरवावी लागते. हें गणित करणाऱ्या सिलिकॉनच्या चिपेवर अब्जावधि सूक्ष्म खटके असतात व प्रत्येक खटका उघडतांना-मिटतांना कणभर वीज खातो. खाल्लेली सर्व वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. कार्डावर दोन-तीन पंखे घरघरत असतात ते त्यासाठींच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एसएमपीएस घेतांना आपण डब्यावरचा मोठा आंकडा वाचतों: ४५०, ५००, ६००. हा आंकडा नेहमीं खोटाच असतो असें नाहीं. पण तो आपल्या कामाचा आंकडा नव्हे. डब्याच्या एका अंगास एक लहानसा तक्ता चिकटविलेला असतो आणि त्यांत प्रत्येक दाबापुढें किती अँपिअर मिळतील तें छापलेलें असतें. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तिचा ओघ, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही आजकाल आपली जवळजवळ सारी भूक १२ व्होल्टच्या ओळीवर भागवितात. तेव्हां तक्त्यांत १२ व्होल्टपुढें काय लिहिलें आहे तें आधीं पाहावें. तेथें १६ अँपिअर असेल, तर बारा सोळे एकशें ब्याण्णव. म्हणजे ४५० वॅट म्हणविणाऱ्या त्या डब्यांतून कार्ड व प्रोसेसर यांना मिळून दोनशें वॅटसुद्धां हक्कानें मागतां येत नाहींत. मग उरलेले वॅट गेले कोठें? ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींत दाखविलेले असतात, आणि तेथें आजच्या संगणकाला त्यांची विशेष गरज नसते. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत प्रोसेसर ५ व्होल्टच्या ओळीवर चालत असत, तेव्हां ही वांटणी योग्यच होती. कित्येक स्वस्त डब्यांची रचना अजून त्या काळांतून बाहेर पडलेली नाहीं, एवढेंच. उलट एखाद्या चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टपुढें ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट, असें लिहिलेलें आढळेल. दुकानदार खोक्यांतून डबा काढून हा तक्ता दाखविण्यास का कूं करीत असेल, तर आपण दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी हें बरें.

कार्डाला वीज दोन वाटांनीं मिळते. ज्या खांचेंत कार्ड बसतें ती खांच त्याला अधिकांत अधिक ७५ वॅट देऊं शकते. त्याहून अधिक हवी असल्यास एसएमपीएसमधून निराळी तार आणून कार्डाच्या माथ्यावर खोंचावी लागते. सहा पिनांच्या तारेची मर्यादा ७५ वॅट, आठ पिनांच्या तारेची १५० वॅट. आणि नव्या सोळा पिनांच्या तारेची मर्यादा ६०० वॅटपर्यंत ठरविलेली आहे. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाची नेमलेली भूक ११५ वॅट आहे, आरटीएक्स ४०७० ची २०० वॅट, तर २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट. २०२५ च्या आरंभीं आलेल्या आरटीएक्स ५०९० नें ५७५ वॅटचा पल्ला गांठला. एएमडी कंपनीचें रेडिऑन आरएक्स ६६०० हें मात्र १३२ वॅटवर समाधान मानतें. कार्ड घेण्यापूर्वीं ही संख्या त्याच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या पत्रकावरून टिपून घ्यावी.

परंतु ही संख्या सरासरीची आहे, आणि येथेंच पुष्कळ हिशेबी माणसेंही फसतात. आपल्याकडील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाहीं. पंचगंगेच्या किंवा भोगावतीच्या कांठीं उसासाठीं पाणी उपसणारी मोटर चालतांना जितका विजेचा ओघ घेते, त्याच्या पांच ते सात पट ओघ ती सुरू होतांना क्षणभर घेते. मोटर सुरू होतांच वस्तीवरचे दिवे एकदां डोळा मिटल्यासारखे मंद होतात, तें यामुळें. म्हणून तर मोठ्या मोटरीला स्टार्टर बसवितात आणि तारा जाड घालतात. ग्राफिक्स कार्डाचें असेंच आहे, फक्त तें एकदांच न करतां सेकंदांत अनेकदां करतें. खेळांत आपण भिंतीकडे तोंड करून उभे असतों तेव्हां कार्डाला काम थोडें. वळून मोकळ्या रणांगणाकडे पाहिलें कीं निमिषांत त्याची सारी चिप जागी होते. मिलिसेकंदाच्याही अंशापुरती तिची मागणी नेमलेल्या वॅटांच्या जवळजवळ दुप्पट होऊं शकते. २०२० सालीं आरटीएक्स ३०८० व ३०९० हीं कार्डें आलीं तेव्हां या गोष्टीचा बराच गाजावाजा झाला. हिशेबानें पुरेसे ठरणारे, नांवाजलेल्या कंपन्यांचे एसएमपीएससुद्धां मध्येंच बंद पडूं लागले. कारण त्यांच्यांतील संरक्षक यंत्रणेला तो क्षणिक झटका म्हणजे शॉर्ट-सर्किटच वाटे.

या अनुभवानंतर २०२२ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स ३.० हें नवें प्रमाण ठरविलें. त्याप्रमाणें, नवी सोळा पिनांची तार देणाऱ्या मोठ्या एसएमपीएसनें आपल्या नेमलेल्या वॅटांच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंदपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत, न कुरकुरतां सोसली पाहिजे. पुढील वर्षीं त्याची ३.१ ही सुधारलेली आवृत्ति निघाली. आज तीनशें वॅटच्या वरचें कार्ड घ्यावयाचें असेल, तर डब्यावर या दोहोंपैकीं एक आंकडा असल्याची खात्री करावी असें माझें स्पष्ट मत आहे. लहान कार्डांच्या बाबतींत जुन्या प्रमाणाचा पण चांगला बांधलेला एसएमपीएसही पुरतो.

आतां एक प्रत्यक्ष बेरीज करूं. समजा, प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ १२४००एफ आहे. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट असें लिहिलेलें असतें, पण जोर लावतांना तो ११७ वॅटपर्यंत जातो. बेरजेंत ही दुसरी संख्या धरावी. कार्ड आरटीएक्स ४०६०, त्याचे ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि झगमगाट करणारे रंगीत दिवे यांचे मिळून ५० धरूं. एकूण २८२ वॅट झाले. यांत झटक्यांसाठीं, जुनेपणासाठीं आणि दोन वर्षांनीं मनांत येणाऱ्या मोठ्या कार्डासाठीं जागा ठेविली म्हणजे ५०० ते ५५० वॅटचा प्रामाणिक एसएमपीएस उत्तम ठरतो. कंपनीही या कार्डासाठीं ५५० वॅटचीच शिफारस करते. आरटीएक्स ४०७० असल्यास बेरीज ३६७ होते व शिफारस ६५० ची आहे. ५०९० बरोबर कोअर आय-९ १४९००के हा २५३ वॅट खाणारा प्रोसेसर जोडला, तर दोघांचेच ८२८ वॅट होतात. तेथें कंपनीनें सांगितलेले १००० वॅट हे किमान समजावे. कंपन्या आपल्या शिफारशींत थोडा हात सैल सोडतात, कारण ग्राहकाच्या घरचा डबा कोणत्या प्रतीचा असेल हें त्यांना ठाऊक नसतें. चांगल्या प्रतीचा डबा असेल तर त्यांच्या आंकड्यापुढें धांवण्याचें कारण नाहीं. ४०६० ला १००० वॅटचा एसएमपीएस घेणें म्हणजे दोन माणसांच्या पंगतीला लग्नाचें पातेलें चढविण्यासारखें आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायीं अनेक वडील मंडळी मुलाची योग्य मागणीही नाकारतात. ७५० वॅटचा एसएमपीएस घेतला म्हणजे तो ताशीं ७५० वॅटच वीज जाळणार व बिल वाढणार, असें त्यांना वाटतें. तसें मुळींच नाहीं. डब्यावरचा आंकडा म्हणजे त्याची देण्याची ऐपत. प्रत्यक्ष वीज जाते ती संगणकानें मागितली तेवढीच. संगणक खेळतांना २७० वॅट मागत असेल आणि एसएमपीएस शेंकडा ९० कार्यक्षमतेचा असेल, तर भिंतींतून ३०० वॅट जातील, मग डबा ५५० चा असो वा ८५० चा. रोज तीन तास खेळल्यास महिन्याला २७ युनिटें होतात. हें बिल कमी करावयाचें असेल तर खेळण्याचे तास मोजावे. लहान डबा घेऊन तें साधत नाहीं.

कार्यक्षमतेचा उल्लेख निघालाच आहे तर '८० प्लस' या शिक्क्याविषयींही सांगितलें पाहिजे. २००४ सालीं अमेरिकेंत सुरू झालेली ही प्रमाणपत्राची पद्धत आहे. साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा तिच्या पायऱ्या आहेत. गोल्डचा एसएमपीएस अर्ध्या भारावर शेंकडा ९० च्या आसपास वीज उपयोगांत आणतो व उरलेली उष्णतेंत घालवितो. ब्राँझचा त्याहून पांचेक टक्के मागें असतो. या फरकानें विजेच्या बिलांत गोल्डची अधिक किंमत भरून निघेल अशी आशा घरच्या ग्राहकानें करूं नये. वरच्या हिशेबांत महिन्याला दोन युनिटांचाही फरक पडत नाहीं. शिक्क्याचा खरा उपयोग निराळा आहे. इतकी कार्यक्षमता गांठण्यासाठीं कारखानदाराला आंतील माल बरा वापरावा लागतो, आणि डबा कमी तापला म्हणजे त्यांतील कपॅसिटर अधिक वर्षें टिकतात. तरीही शिक्का म्हणजे सर्वस्व नव्हे. क्षणिक झटका सोसण्याची परीक्षा त्यांत घेतलीच जात नाहीं. मी स्वतः शिक्क्याच्या रंगापेक्षां हमीच्या वर्षांकडे अधिक पाहतों. जो कारखानदार पांच, सात किंवा दहा वर्षांची हमी लिहून देतो, त्यानें आपल्या मालाचा विचार केलेला असतो.

चांगल्या डब्याची दुसरी खूण म्हणजे त्यांतील संरक्षण. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्या परिचयाचे आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं ते आपण होऊन उघडतात. रात्रीं कोणाला उठवावें लागत नाहीं. एसएमपीएसमध्यें हीच सोय उलट दिशेनें केलेली असते. दाब वाढला, ओघ वाढला, तारा एकमेकींस चिकटल्या किंवा उष्णता हद्दीबाहेर गेली, कीं तो स्वतःचेंच दार लावून घेतो. १२ व्होल्टची ओळ फार खालीं किंवा १२.६ च्या वर जातां कामा नये असा नियम आहे. अगदीं स्वस्त डब्यांत हे पहारेकरी एक तर नसतातच, किंवा झोपलेले असतात. आणि डबा मरतांना १२ व्होल्टच्या वाटेनें भलताच दाब कार्डाकडे जाऊं शकतो. आरंभीं मीं जें म्हटलें, कीं तो कार्डाला बरोबर नेतो, तें असें घडतें.

तारांच्या बाबतींत थोडें थांबणें जरूर आहे. ज्या कार्डाला आठ पिनांच्या दोन तारा लागतात, त्याला एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र तारा आणाव्या. एकाच तारेच्या शेंवटीं दोन तोंडें काढलेलीं असतात, तीं सोयीचीं दिसलीं तरी मोठ्या कार्डाला वापरूं नयेत. सारा ओघ एकाच वाटेनें जाऊन तार तापते. जाड चौकोनी मोलेक्स तोंडावरून आठ पिनांचें तोंड बनविणारे जे स्वस्त जोड मिळतात, ते तर घरांत आणूंच नयेत. ज्या डब्याजवळ कार्डाला हवी ती तार मुळांतच नाहीं, तो डबा त्या कार्डासाठीं बनविलेलाच नाहीं असें समजावें.

सोळा पिनांच्या नव्या तारेनें तर २०२२ च्या ऑक्टोबरांत जगभर खळबळ उडविली. आरटीएक्स ४०९० घेतलेल्या कांहीं जणांच्या कार्डांचें तोंडच वितळलें. हें कां घडावें, हें साध्या भागाकारानें समजतें. ५७५ वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे सुमारें ४८ अँपिअर. गीझरसाठीं घरांत बसवितात त्या जाड पॉवर-प्लगची मर्यादा १६ अँपिअर असते. त्याच्या तिप्पट ओघ हा, काडेपेटीहून लहान तोंडांतून! त्यांत वीज आणणाऱ्या पिना सहाच, म्हणजे एकेकीवर आठ अँपिअर. जुन्या आठ पिनांच्या तोंडांत हाच भार पिनेमागें सवाचार अँपिअरहून कमी असे. तोंड पुरतें आंत बसलें नाहीं, कीं कांहीं पिनांचा स्पर्श तुटतो, उरलेल्यांवर भार पडतो आणि प्लॅस्टिक मऊ होऊं लागतें. एनव्हिडियानेंही पुढील महिन्यांत तोंड अर्धवट बसविणें हें एक प्रमुख कारण असल्याचें सांगितलें. नंतर निघालेल्या सुधारलेल्या तोंडांत सूचना देणाऱ्या चार लहान पिना आंखूड केल्या आहेत, म्हणजे तोंड नीट न बसल्यास कार्ड पूर्ण वीज मागतच नाहीं. तरीही बसवितांना खट् असा आवाज येईपर्यंत दाबावें, बोटाच्या नखाएवढीही फट राहूं देऊं नये, आणि तोंडालगतची दीड इंचभर तार सरळ ठेवून मगच वळवावी. कॅबिनेट अरुंद असल्यास कांच लावतांना तार दाबली जाते; तेव्हां कॅबिनेटची रुंदीही आधींच मोजावी.

श्रोतेहो, आतांपर्यंत आपण डब्याच्या आंत पाहिलें. बाहेरून येणारी वीज कशी आहे, यावरही त्याचें आयुष्य अवलंबून असतें. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव कोसळतो, झाडाच्या फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते. वीज जाण्यानें एसएमपीएसचें फारसें बिघडत नाहीं. ती परत येते तेव्हांचे धक्के वाईट. त्याहून भयंकर म्हणजे खांबावरील किंवा मीटरजवळील न्यूट्रल तुटणें. आपल्या गल्लींत तीन फेजांची वीज येते व घरोघरीं एकेक फेज वांटली जाते. न्यूट्रल सुटला म्हणजे कांहीं घरांत २३० च्या जागीं चारशेंच्या जवळपास व्होल्ट शिरूं शकतात. दिवे एकाएकीं फार प्रखर झाले, तर कारण शोधीत न बसतां मेन स्विच पाडावा. वळवाचा गडगडाट सुरू होतांच संगणकाचा प्लग बोर्डांतून उपसून ठेवावा. नुसता स्विच बंद करणें पुरेसें नाहीं.

दाब कमी असण्याची तक्रार खेड्यांतून अधिक ऐकूं येते. संध्याकाळीं सगळ्या मोटरी सुरू झाल्या कीं दिवा पिवळा पडतो. ज्या एसएमपीएसवर '१०० ते २४० व्होल्ट' असें लिहिलेलें असतें, तो अशा वेळीं निर्धास्तपणें चालतो. त्याला निराळ्या स्टॅबिलायझरची जरूरी नाहीं. घरांतील अर्थिंगची मात्र इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. कॅबिनेटला हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटत असेल, तर ती अर्थिंग नसल्याची किंवा तुटल्याची खूण आहे.

यूपीएस आणि इन्व्हर्टर यांविषयीं विशेष सांगण्याचें कारण, येथें वॅटांचा घोटाळा पुन्हां डोकें वर काढतो. दुकानांत '६०० व्हीए' म्हणून मिळणारा साधा यूपीएस प्रत्यक्षांत ३६० वॅटच्या आसपास भार उचलतो. वरच्या बेरजेंतील २८२ वॅटचा संगणक भिंतींतून तीनशेंहून अधिक घेतो. त्यांत मॉनिटर आला, तर यूपीएसच्या नाकाशीं पाणी येतें आणि कार्डाच्या एका झटक्यानें तो किंचाळून बंद पडतो. अशा संगणकाला १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवावयाचा असल्यास त्याचा खटका 'यूपीएस' या बाजूला हवा, कारण चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज तुटल्यावर सुमारें सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो आणि तेवढ्यांत बॅटरीची वीज येऊन पोहोंचली पाहिजे. शिवाय तो इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. चौकोनी लाटा सोडणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर आजचे बरेच चांगले एसएमपीएस रुसून बसतात.

२०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शहराच्या वस्तींत शिरलें. अशा पुरांत संगणक भिजला, तर तो वाळवून 'लावून पाहूं' असा मोह होतो. कार्ड व मदरबोर्ड जाणकाराकडून स्वच्छ करून घेतां येतात, पण बुडालेला एसएमपीएस फेंकूनच द्यावा. तो उघडण्याचें धाडस तर कोणत्याही प्रसंगीं करूं नये. आंतील मोठ्या कपॅसिटरांत तीनशें-चारशें व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही कांहीं काळ टिकून राहतो, आणि तो जीवावर बेतूं शकतो.

राहतां राहिली जुन्या संगणकाची गोष्ट. पुष्कळ घरांत ऑफिसांतून निवृत्त झालेला एखादा कंपनीचा संगणक येतो व त्यांत ग्राफिक्स कार्ड घालून खेळ चालवावे अशी मुलाची इच्छा असते. अशा संगणकांत १८० ते २४० वॅटचा एसएमपीएस असतो, आणि त्याची तोंडें बहुधा त्या कंपनीपुरतीं निराळीं असल्यामुळें बाजारांतला नवा बसत नाहीं. तेथें निराळी तार न मागतां खांचेच्या ७५ वॅटांत भागवून घेणारेंच कार्ड घ्यावें: २०१६ सालचें जीटीएक्स १०५० टी-आय त्यांतलें होतें, आणि २०२४ सालीं आलेलें आरटीएक्स ३०५० चें ६ जीबीचें रूप ७० वॅटांत चालतें. घेतांना कार्डाचा आकार कॅबिनेटांत मावतो कीं नाहीं तें पाहावें, आणि एसएमपीएस आठ-दहा वर्षांचा असेल तर त्याच्या आंकड्यांतून चतुर्थांश वजा करूनच बेरीज मांडावी.

आणि ज्यांना नवा एसएमपीएस बसवितां येतो, त्यांनीं जुन्याच्या तारा नव्याला जोडूं नयेत. कार्डाकडचें तोंड सगळीकडे सारखें असतें, पण डब्याकडच्या तोंडांतील पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधीं कधीं एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांचाही, वेगळा असतो. तार बरोबर बसते, आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जाऊन पोहोंचतात. जुना डबा काढला कीं त्याच्या तारा त्याच्याच खोक्यांत भरून ठेवाव्या.